डाव्या कानातला पहिला नंबर

माझ्या वहीत गाण्यांची नावं नाहीत, गावांची आहेत. तवंदी, कणगला, संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी, काकती. वही कुणाला सापडली तर त्याला ती निपाणी-बेळगाव बसच्या थांब्यांची यादी वाटेल. पण ती गेल्या वर्षात आलेल्या रॉक आणि मेटल गाण्यांमधल्या गिटार सोलोंची, आवडीप्रमाणे नंबर लावलेली यादी आहे. गाणं मध्यावर येतं, गाणारा बाजूला होतो आणि गिटार एकटीच पुढं येऊन बोलायला लागते, तेवढा तुकडा म्हणजे सोलो. मला ते बोलणं आवडतं. का आवडतं ते अजून नीट सांगता येत नाही.

मी बेळगावात हॉस्टेलवर राहते. शनिवारी दुपारी निपाणीला घरी येते आणि सोमवारी सकाळी परत जाते. नवी गाणी मी या प्रवासातच ऐकते. बँडची नावं परदेशी आणि अवघड. सुरुवातीला ती मला धड लिहिता यायची नाहीत आणि कुणाला विचारायची लाज वाटायची. म्हणून जो सोलो ज्या गावापाशी पहिल्यांदा अंगावर आला, त्याला त्या गावाचं नाव देऊन टाकायचं, असं मी ठरवलं. संकेश्वरच्या सोलोला मळीचा वास आहे. ऊस गाळपाला लागला की तो वास बसच्या खिडकीतून आत येतो आणि गाणं संपलं तरी जात नाही. हत्तरगीचा सोलो टोलनाक्याच्या रांगेत लागला होता. तो मला आजही थांबत, सरकत, पुन्हा थांबत जाणारा वाटतो, आणि शेवटी फाटक उघडल्यासारखा सुटतो. काकतीचा सोलो फार वेगवान आहे. पण तिथं पोचेपर्यंत लोक उठून उभे राहिलेले असतात, पिशव्या डोक्यावरून जात असतात, त्यामुळे त्याच्यातही मला थोडी घाई आणि थोडी धक्काबुक्की ऐकू येते.

असे नंबर लावणं बरोबर नाही, हे मला कळतं. वास आणि रस्ता गाण्यात नसतो. पण तो काढून कसा टाकायचा हे मला माहीत नव्हतं.

थोडंफार मला आप्पांकडून कळलं. आप्पा म्हणजे माझे वडील, तंबाखूच्या वखारीत कामाला आहेत. लहानपणी मी त्यांना डबा द्यायला जायची. ते एका पोत्यातली मूठ नाकाशी धरायचे, मग दुसऱ्यातली, मग तिसऱ्यातली. आणि एकदम दारात जाऊन उभे राहायचे. रस्त्याकडे बघत चार-पाच श्वास घ्यायचे आणि मग आत येऊन पुन्हा पहिल्या मुठीकडे वळायचे. मला वाटायचं, दमले असतील. एकदा विचारलं तर म्हणाले, नाकात आधीचा वास बसलेला असतो, त्याला घालवून यावं लागतं. मी तेच करते. एक सोलो झाला की कानातला इयरफोन काढते आणि थोडा वेळ नुसता बसचा आवाज ऐकते. खिडकीची काच खडखडते, मागं कुणीतरी कानडीत फोनवर आपण कुठवर आलो ते सांगत असतं, पुढच्या सीटवरची बाई पोराला थोपटत असते. मग दुसरा सोलो. कधी कधी मधला हा आवाजच इतका गोड लागतो की दुसरं गाणं लावायचं राहून जातं आणि बघते तर यमकनमर्डीचे डोंगर आलेले असतात.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी. मी गाणी एकाच कानानं ऐकायची. डाव्या.

आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे मला काय काय सांगून पाठवायचं, हे आईलाही माहीत नव्हतं. जत्रेला जाणाऱ्या पोरीला जे सांगतात तेच तिनं सांगितलं. पिशवी मांडीवर ठेव, अनोळखी माणसाचं काही खाऊ नको, बसमध्ये झोपू नको. पुढं मी इयरफोन घेतले, तेव्हा त्यात एक सूचना वाढली, की वायर एकाच कानात घालायची, एक कान मोकळा ठेवायचा. मी खिडकीशी बसते, तर खिडकीकडचा डावा कान गाण्याला आणि उजवा कंडक्टरला, असं ठरून गेलं. बायकांना तिकीट फुकट झाल्यापासून बस भरलेली असते आणि कंडक्टर "मुंद होग्री, मुंद होग्री" म्हणत सगळ्यांना पुढं ढकलत असतो. तेव्हा मोकळा कान लागतोच. हॉस्टेलवरही कुणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून मी तसंच ठेवलं. सवय अशी झाली की दोन्ही कानांत घातलं तर पाण्यात बुडाल्यासारखं वाटायचं.

घरी मात्र उजवा कान रिकामा नसायचा. तो आईचा होता. म्हणजे माझा कान नव्हे, उजवीकडची वायर.

आई विड्या वळते. रविवारी सकाळी घराच्या पुढच्या सोप्यात भिंतीला पाठ लावून बसते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बाजूला दोऱ्याचं रीळ. मी शेजारी वही घेऊन बसायची. एका रविवारी ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. एकटीच काय हसतीयास, म्हणाली. मी गाणं म्हटल्यावर तिनं पदराला हात पुसला आणि लोंबणारी उजवी वायर उचलून स्वतःच्या कानात घातली. त्या वेळी नेमका गाणारा घसा खरवडून ओरडत होता. आईनं ऐकलं आणि काळजीनं विचारलं, "ह्याला कोण मारालंय गं?"

मी म्हटलं, असंच गातात. तिनं वायर काढली. थोड्या वेळानं ओरडणं थांबून गिटार सुरू झाली, तेव्हा मी खूण केली आणि तिनं पुन्हा घातली. तो तुकडा तिनं शेवटपर्यंत ऐकला. बोटं मध्येच थांबली नाहीत, पण वळण्याचा वेग कमी झाला होता. संपल्यावर म्हणाली, एवढं मधलंच लावत जा, ओरडायचं तुझं तू ऐक.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही असे बसायचो. वायर आखूड, त्यामुळे खांद्याला खांदा लावून. तिच्या अंगाला तंबाखूचा उग्र वास. ती ऐकताना काही बोलायची नाही. एक सोलो झाला की दुसरा लावायच्या आधी मी थांबायची, आणि त्या वेळात फक्त कात्रीनं पान कापल्याचा आवाज यायचा. कधी ती विचारायची, "ह्यातली छाट कुठली?" वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला गेलं की तिथला माणूस विड्यांची जुडी, म्हणजे कट्टा, हातात घेऊन दाबून बघतो आणि नापसंत विड्या बाजूला टाकतो, त्यांना छाट म्हणतात. मी माझे नंबर सांगायची. तिला पटलं नाही तर ती फक्त पुढचं पान उचलायची.

बेळगावात आमचा एक गट आहे. टिळकवाडीतल्या एका गच्चीवरच्या खोलीत दर गुरुवारी कॉलेज सुटल्यावर आम्ही सहा-सात जण जमतो. खोली ज्याची आहे त्याचं कॉलेज संपलंय, तो जवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि गुरुवारी त्याला सुट्टी असते. त्याला सगळे अण्णाच म्हणतात. खोलीत दोन मोठे स्पीकर आहेत, गुडघ्याच्या वर येतील एवढे, आणि भिंतीवर ड्रॉइंगचे मोठे कागद चिकटवलेले आहेत. दर वर्षाचा एक कागद. वर्ष संपताना प्रत्येकानं आपला पहिल्या नंबरचा सोलो सांगायचा, दोन मिनिटं त्याच्याबद्दल बोलायचं, मग तो सगळ्यांनी ऐकायचा. पुढच्या गुरुवारी हे सोलो आणि वर्षभर दर गुरुवारी ऐकवलेले बाकीचे, यांतून हात वर करून वर्षातले दहा निवडायचे आणि अण्णानं जाड काळ्या पेनानं ते कागदावर लिहायचे. शेवटचा रकाना 'आणला कुणी' असा असतो.

मला या गटात चिकोडीच्या एका मैत्रिणीनं नेलं. पहिल्या वर्षी बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती आणि तिनं मला गिटारचा सोलो म्हणजे काय ते ऐकवलं होतं. तिच्या घरी कानडी बोलतात. तिचं मराठी पुस्तकातल्यासारखं शुद्ध आहे आणि चेष्टा करते तीही शुद्ध मराठीतच. गटात मला कुणी नावानं हाक मारत नाही, निपाणी म्हणतात. दोन वर्षं निपाणीनं दुसऱ्यांच्या सोलोंना मान हलवली होती. भिंतीवरच्या दोन कागदांवर 'आणला कुणी' खाली माझं नाव कुठंच नव्हतं, कारण मी कधी बोललेच नव्हते. बोलायची वेळ आली की मला पाणी प्यायला जावंसं वाटायचं. आणि हे माझं शेवटचं वर्ष. त्या कागदावर एक ओळ माझी असावी, एवढंच मला हवं होतं. ऐकून कुणाला हसू येईल. पण मी कुठं काही आणून दिलंय आणि ते तिथं राहिलंय, असं माझ्या बाबतीत तोवर झालं नव्हतं.

पहिला नंबर कुठला हे मला बाकी नऊ नंबरांच्या आधीच ठरलेलं होतं. तवंदी.

निपाणी सोडली की लगेच तवंदीचा घाट येतो. फार मोठा नाही. पण सकाळी कधी कधी तिथं धुकं असतं आणि बस त्यात शिरली की क्षणभर पुढचं काहीच दिसत नाही. अशा एका सोमवारी तो सोलो लागला. गिटारनं एक लहानसं वाक्य वाजवलं आणि ती गप्प झाली. मागं नुसते ड्रम चालत होते, हळू. मग दुसरं वाक्य, पहिल्याला जरा पुढं नेणारं, आणि पुन्हा गप्प. मला असं वाटलं की कुणीतरी विचार करून, शब्द निवडून बोलतंय आणि बोलून झालं की आपल्याकडे बघतंय. बाकीचे सगळे सोलो सांगत सुटतात. हा थांबत होता. धुकं ओसरून उतारावरची शेतं दिसायला लागली तेव्हा शेवटचा सूर लांबत गेला. मी तो पुन्हा लावला नाही. त्या दिवशी हॉस्टेलवर जाईपर्यंत दुसरं काहीच ऐकलं नाही.

पुढच्या रविवारी तो आईला ऐकवला. तिच्या बोटांत अर्धी वळलेली विडी होती ती तशीच राहिली. मग ती म्हणाली, "ह्यो मधी मधी थांबतोय न्हवं?"

"व्हय."

"थांबतोय तेच लई चांगलं हाय."

मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. मग दर रविवारी आधी तोच लागायचा. एक मात्र तेव्हाच दिसलं होतं, पण मी लक्ष दिलं नाही. गिटार गप्प व्हायची त्याच वेळी आई हसायची. बोटं थांबायची तीही तेव्हाच. मला वाटलं, शांतता कशी ऐकायची ते हिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

वर्षअखेरच्या त्या गुरुवारी मी बोलायचं पाठ करून गेले होते. अण्णानं विचारलं, निपाणी यंदा बोलणार म्हणे, खरं काय? मी उभी राहिले. कागद हातात होता, पण मी तो न बघताच बोलले. मी सांगितलं की मला वेगाचं फारसं कळत नाही. बोटं कुठं फिरतात तेही कळत नाही. पण हा वाजवणारा प्रत्येक वाक्यानंतर थांबतो, मध्ये मोकळी जागा सोडतो, आणि ती जागा भरायची घाई करत नाही. असा माणूस मला या वर्षात दुसरा भेटला नाही. म्हणून हा पहिला.

माझं मलाच बरं वाटलं. चिकोडीची मैत्रीण माझ्याकडे बघून मान हलवत होती. अण्णानं गाणं लावलं.

दोन्ही स्पीकर सुरू होते. पहिलं वाक्य आलं, माझ्या ओळखीचं. ते संपलं आणि मी त्या शांततेची वाट बघत डोळे मिटले. शांतता आली नाही. तिथं दुसरी गिटार वाजत होती. उजव्या स्पीकरमधून, जराशी जाड आवाजाची, पहिलीला उत्तर देत. तिचं संपेपर्यंत पहिली परत आली, मग पुन्हा दुसरी. शेवटी दोघी मिळून. सगळ्या सोलोत श्वास घ्यायलाही जागा नव्हती.

गाणं संपलं. मग एका मुलानं विचारलं, ती मोकळी जागा कुठं होती नेमकी? मी हातातल्या कागदाची घडी घातली. तो म्हणाला, "तवंदीच्या घाटात नेटवर्क गेलं असंल गं. ती शांतता मोबाइल कंपनीची हाय."

सगळे हसले. वाईट हेतूनं नाही, विनोद चांगलाच होता. मीही हसले. अण्णानं मात्र विचारलं, तू कशावर ऐकतेस? मी म्हटलं, इयरफोनवर, एका कानात. तो हं म्हणाला. मग त्यानं सांगितलं की बहुतेक गाण्यांत सोलो मधोमध ठेवलेला असतो, तो दोन्ही कानांत सारखाच येतो, त्यामुळे एका कानानं ऐकलं तरी चालून जातं. यात दोन वाजवणारे आहेत. एकाला पूर्ण डावीकडे ठेवलंय, एकाला पूर्ण उजवीकडे. पुढच्या गुरुवारपर्यंत दुसरा सोलो आणायचा असेल तर आण, म्हणाला. संकेश्वर आण, हत्तरगी आण. त्याला माझ्या वहीचं माहीत होतं.

शनिवारी घरी येताना मी गाणी लावली नाहीत. संकेश्वरला मळीचा वास आला आणि नुसता वासच आला. मी एकसारखा हाच विचार करत होते, की वर्षभर मी जे ऐकलं ते होतं की नव्हतं? जे त्या माणसानं वाजवलंच नाही त्याला मी पहिला नंबर दिला होता, आणि वर उभं राहून त्याचं कौतुकही केलं होतं. हत्तरगी चांगला आहे. हत्तरगीबद्दल बोलले तर कुणी हसणार नाही, कदाचित कागदावर ओळही येईल. पण ती ओळ बघताना मला काय वाटेल, ते मला आत्ताच कळत होतं.

रविवारी सकाळी आई सूप घेऊन बसली. मी वही न घेता बसले. दहा-बारा विड्या झाल्यावर ती म्हणाली, "आज न्हाय व्हय तुझं ते?"

मी तिला सगळं सांगितलं. दोन माणसं होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. मला डावीकडचाच ऐकू येत होता, म्हणून तो थांबतो असं वाटलं. ऐकताना तिनं दोरा गुंडाळून गाठ मारली, विडी कट्ट्यात ठेवली.

"मग उजवीकडचा?" तिनं विचारलं.

"तो मी ऐकलाच न्हाय."

"मी ऐकलोय की," आई म्हणाली.

आणि तिनं तो गुणगुणून दाखवला. आई कधी गात नाही. आवाज फुटका, मध्येच ठसका लागलेला, पण सूर जागच्या जागी होते. पहिलं उत्तर, मग दुसरं, मग तो उतरत जाणारा तुकडा. अण्णाच्या खोलीत उजव्या स्पीकरमधून आलेलं सगळं. दोन तुकड्यांच्या मध्ये ती थांबत होती, अगदी मोजल्यासारखी, आणि त्या थांबण्यात माझी गिटार कुठं असेल ते मला कळत होतं. मी हळूच ती तिथं गुणगुणले. आई थांबली नाही. फक्त भुवया वर करून माझ्याकडे बघितलं आणि आपलं वाक्य वेळेवर उचललं. शेवटी दोघी एकदम सुरू होतात तिथं आम्ही दोघीही चुकलो आणि आईला हसू आलं. त्या हसण्यानं सुपातली तंबाखूची भुकटी उडाली आणि मग दोघींनाही ठसका लागला.

म्हणजे वर्षभर तिच्या कानातला माणूसही थांबत होता. थांबतोय तेच चांगलं आहे, यावर आमचं एकमत झालं होतं आणि आम्ही दोघी वेगवेगळ्या जागा धरून बसलो होतो.

दुपारी आई आडवी झाल्यावर मी दोन्ही वायरी कानात घातल्या. बुडाल्यासारखं वाटलं, पण राहू दिलं. सोलो पूर्ण ऐकला, चार वेळा. मध्ये उठून दारात जाऊन उभी राहत होते, आप्पांसारखी. गल्लीत उन्हात कुणी पापड घातले होते. खरं सांगायचं तर पूर्ण सोलोत मला माझ्या शांततेची आठवण येत राहिली. सुंदर आहे तो, पण धुकं नाही त्यात. चौथ्या वेळी मात्र मी दुसऱ्या गिटारकडे लक्ष न देता पहिलीकडेच कान लावला आणि तेव्हा कळलं की ती थांबते आहेच. मी ऐकलं ते खोटं नव्हतं. ती दुसरीला बोलू देण्यासाठी थांबते. कुणासाठी थांबते, एवढंच मला ऐकू आलं नव्हतं.

गुरुवारी मी पुन्हा उभी राहिले. मी म्हटलं, मी दुसरा सोलो आणलेला नाही. माझं एक काम करा, उजव्या स्पीकरची वायर काढा.

अण्णानं वायर काढली. गाणं लागलं. पहिलं वाक्य झालं आणि खोलीत ती शांतता आली. मोठ्या स्पीकरवर ती बसमधल्यापेक्षा मोठी होती. नुसते ड्रम, आणि खालून रिक्षा गेल्याचा आवाज. मग दुसरं वाक्य. मी कुणाकडे बघितलं नाही. संपल्यावर मी म्हटलं, हे मी ऐकलं. आता डावी काढा, उजवी लावा. ते झाल्यावर म्हटलं, हे माझ्या आईनं ऐकलं. ती विड्या वळताना उजवी वायर घालते. आता दोन्ही लावा.

तिसऱ्या वेळी गाणं संपल्यावर तोच मुलगा म्हणाला, पण दोघं वाजवत असतील तर हा सोलो कसा म्हणायचा? प्रश्न बरोबर होता आणि त्यावर बराच वाद झाला. चिकोडीची मैत्रीण म्हणाली, "कृपया मोबाइल कंपनीनं मध्ये बोलू नये." शेवटी अण्णानं एकेक नंबर पुकारला आणि हा सोलो ज्याला ज्या नंबरावर हवा, त्यानं तिथं हात वर करायचा, असं सांगितलं. पहिल्या नंबराला माझा एकटीचाच हात होता. दुसऱ्याला, तिसऱ्याला मैत्रिणीचा. सहाव्या नंबराला बाकीच्यांचे हात वर झाले, त्या मुलाचाही.

अण्णानं सहाव्या ओळीत गाण्याचं नाव लिहिलं, वाजवणाऱ्या दोघांची नावं लिहिली आणि शेवटच्या रकान्यात 'निपाणी'. पेनाचं टोपण लावत होता, तेव्हा मी म्हटलं, पुढं 'दोघी' लिहाल का? त्यानं टोपण काढलं आणि लिहिलं. जागा पुरली नाही, म्हणून शेवटचं अक्षर जरा खाली आलंय.

त्या कागदाचा फोटो मी रविवारी आईला दाखवला. आईला लिहिलेलं फारसं वाचता येत नाही, पण मी बोट ठेवून सांगितलं, ही निपाणी आणि ह्या दोघी. तिनं मोबाइल लांब धरून बघितला, मग जवळ घेतला.

"कितवं आलंय आपलं?"

"सहावं."

"पाच जणं फुडं हायत व्हय आपल्या?" तिनं मोबाइल परत दिला, पदराला हात पुसला आणि सूप मांडीवर सारखं केलं. "कोण कोण हायत ती, ऐकीव बघू. आणि आज डावं मला दे."

मी डावी वायर तिला दिली, उजवी माझ्या कानात घातली आणि आधी आमचाच लावला. सुरुवातीला माझ्या कानात काहीच आलं नाही, नुसते ड्रम. मी आईकडे बघत होते. तिच्या बोटांत पान होतं, आणि ती ते वळत नव्हती.